मोडीचा भाव

गाडी विकायला आलेला माणूस आधी विचारतो, "किती येतील?" मी त्याला उलट विचारायचो, "चालतीचे सांगू की मोडीचे?" तीस वर्षांत या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी माणसं मला थोडीच भेटली. कोणी चिडायचे, कोणी हसण्यावारी न्यायचे, आणि मोखाड्याचे एक निवृत्त ग्रामसेवक तर सरळ गाडीत बसून परत गेले. माझ्या आवारातून बाहेर पडताना त्यांनी हॉर्न मात्र दोनदा वाजवला. तो चालतो हे मला कळावं म्हणून.

प्रश्न कडू होता, पण रास्त होता. नव्या गाडीची किंमत कंपनी ठरवते आणि मधल्या वयाच्या गाडीची गिऱ्हाईक. माझ्या आवारात यायच्या त्या वीस-बावीस वर्षांच्या गाड्या. ठाण्या-नाशकात त्यांना कोणी दारात उभं करत नाही, म्हणून त्या घाट चढून जव्हारला यायच्या. अशा गाडीची किंमत लोखंड ठरवतं. गाडी जुनी होते तसा तिचा भाव उतरत जातो, पण तो शून्यावर कधी येत नाही. इंजिन बसलं, काचा फुटल्या, सीटमध्ये उंदरांनी पिल्लं घातली, तरी आत चार-पाचशे किलो पत्रा आणि लोखंड असतंच. त्याचे पैसे भंगारवाला केव्हाही मोजतो. त्याच्या खाली गाडी कोणी का विकेल? हा गाडीच्या भावाचा तळ, म्हणजे मोडीचा भाव.

आता मजा बघा. लोखंड महागलं की हा तळच वर येतो. गाडी तीच, तिचा गिअर तसाच अडकतो, दार तसंच दोरीने बांधावं लागतं, पण काल पंधरा हजारांत मिळणारी गाडी आज पंचवीसच्या खाली हलत नाही. गिऱ्हाईक विचारतं, हिच्यात नवीन काय टाकलं? काही नाही बाबा, लोखंड महागलं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की माझ्या बायकोला झोपेतही ते ऐकू येत असेल.

माझं नाव यासीन. आमचा घरचा धंदा पत्र्याचा. आजोबा कंदील आणि डबे करायचे, वडील बादल्यांना बूड लावायचे आणि मी गाड्यांचा पत्रा ठोकायला शिकलो. ठोकता ठोकता कोणाची गाडी विकायची आहे, कोणाला घ्यायची आहे हे कानावर पडू लागलं आणि मी मधला माणूस झालो. जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की गावाबाहेर डाव्या हाताला माझं आवार आहे. शिक्षण नववी. पण बॉनेटवर तळहात दाबला आणि एकदा खाली वाकून चेसिस बघितली की गाडी काट्यावर किती भरेल ते मी सांगायचो. दहा-वीस किलोंच्या पुढे फरक पडत नसे. वाड्याकडून येणारा भंगारवालाही मला मानायचा. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. होता असंच म्हणतो.

त्या ग्रामसेवकांचं दुःख मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांची आठशे सीसीची छोटी गाडी होती. रोज पुसलेली, वेळच्या वेळी तेल बदललेली, सीटवर बायकोने विणलेले रुमाल. शेजाऱ्याची तीच गाडी दोन वर्षं पावसात सडून मी आठवड्यापूर्वीच उचलली होती. ग्रामसेवकांनी तिचा भाव विचारला आणि मग स्वतःच्या गाडीचा. दोन्हींत फरक होता दोन-अडीच हजारांचा. तळाच्या इतक्या जवळ आलेल्या गाडीत चालती आणि बंद यांत यापेक्षा जास्त फरक राहतच नाही, कारण दोन्हींचं वजन सारखंच. मी त्यांना हे समजावून सांगत होतो आणि ते रुमालाकडे बघत होते. वीस वर्षं जपली त्याचे एवढेच का, असं त्यांना विचारायचं असणार. विचारलं नाही, हॉर्न वाजवून गेले.

या धंद्यात मोडीच्या भावावर मात करणारा एकच माणूस मला भेटला, जामसरचा काळू. त्याला भाताच्या शेतात डुकरं राखायला बसायची सोय हवी होती. गवताचा माळा दरवर्षी बांधायचा कंटाळा आला होता म्हणून तो माझ्याकडे एका व्हॅनचं खोकं बघायला आला. इंजिन नाही, चाकं नाहीत, नुसता पत्र्याचा सांगाडा. मी भाव सांगितल्यावर तो बराच वेळ खोक्याभोवती फिरला. चालत नाही, पळत नाही, मग पैसे कशाचे, हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, वजनाचे. त्यावर तो म्हणाला, "वजन तं माझ्या शेतात पण तेवढांच राहनार ना शेठ? मग मी वापरायचा तेवढाच पैसा घ्या." शेवटी थोडे कमी करून दिलं. चार पावसाळे तो त्या खोक्यात डुकरांची वाट बघत बसला, आणि मग लोखंड वधारल्यावर तेच खोकं माझ्याच आवारात आणून, घेतलं त्यापेक्षा जास्त पैसे माझ्याकडून मोजून घेऊन गेला. जाताना मला तांदळाची एक पिशवी देऊन गेला. बहुधा माझी कीव आली असावी.

या दिवाळी अंकाच्या मंडळींनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. काळूची गंमत सांगून झाली. आता जे सांगायचं आहे ती गंमत नाही, पण ते टाळून बाकीचं लिहिलं तर ती लबाडी होईल.

काळूचं खोकं परत आलं त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. लोखंडाचा भाव दर आठवड्याला चढत होता. वर्षानुवर्षं अंगणात कुजत पडलेल्या गाड्या लोक पुसून आणायला लागले होते. जीप तर सोन्याच्या मोलाची झाली होती. छोट्या गाडीत पातळ पत्राच जास्त, त्याला भाव कमी. जुन्या जीपला खाली जाड चेसिस असते, दोन्ही आक्सल भरीव, इंजिन बिडाचं. त्याला जड लोखंडाचा भाव मिळतो. त्या दिवसांत मी रस्त्याने जाताना समोरून येणारी जीप बघितली की आतली माणसं मला दिसतच नसत. मनात काटा लागायचा, हजार, अकराशे, बाराशे.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर धाकलू राहतो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला शेठ म्हणायचा. त्या उन्हाळ्याच्या काही वर्षं आधी मीच त्याला एक जीप दिली होती. कागद नाशिकच्या जुन्या मालकाच्या नावावर होते. आमच्याकडे अशा स्वस्तातल्या गाड्या नावावर करायचा खर्च कोणी करत नाही. जुना मालक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो आणि ते फॉर्म एजंटच्या कपाटात पडून राहतात. धाकलूच्या जीपचे कागदही माझ्याच कपाटात होते. पावसाळ्यानंतर तो सूर्यमाळ ते खोडाळा, मोखाडा अशी माणसं न्यायचा. बाजाराच्या दिवशी आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लटकलेले जास्त. पण खरं काम उन्हाळ्यात. होळीनंतर त्या डोंगरावरच्या विहिरी आटतात. पाणी खाली खोल दरीतल्या झऱ्यावर. धाकलू जीपमध्ये सहा निळे ड्रम बांधून दिवसातून चार खेपा करायचा. त्या जीपवर अख्ख्या पाड्याचं पाणी होतं आणि हे मला माहीत होतं. मागचे दोन टायर नवीन घ्यायला पाड्याने घरटी वर्गणी काढली होती, तेही मला माहीत होतं, कारण ते टायर मीच मिळवून दिले होते.

चैत्रातल्या एका दुपारी ती जीप ट्रॅक्टरला दोर बांधून माझ्या आवारात आली. धाकलू स्टिअरिंगवर होता. खाली उतरून त्याने डोक्याचा टॉवेल काढला आणि म्हणाला, "शेठ, जीप मोडली."

आमचं पुढचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. मी विचारलं, "नक्की?"

"नक्की. खोडाळ्याच्या चढाला मोठा आवाज आला, तवांच समजलू."

"मग भाव करायचा?"

"तुमी कराल तो भाव. आपली काय आजची वळख हाय?"

"आणि पैसे?"

"आता नाय. मी भिवंडीला भट्टीवर चाललू. आलू का पैशाचां बघू. सामानाचां पन तवांच बघू."

ट्रॅक्टरवाला घाई करत होता. धाकलू मागे जाऊन बसला आणि ट्रॅक्टर एसटी स्टँडकडे गेला. सगळं बोलणं दोन मिनिटांत उरकलं.

आता या 'मोडली'चं सांगायला हवं. माझ्या बहिणीच्या लग्नात आईने पाटल्या मोडल्या, म्हणजे सोनाराला विकल्या. शहरात ठेव मोडतात. आमच्या धंद्यात गाडी मोडली म्हणजे ती भंगारात गेली, तिचा विषय संपला. पण वर डोंगरात पाय मोडतो, नांगर मोडतो, छपराचा वासा मोडतो, तशी गाडी मोडते. म्हणजे नुसती बंद पडते. आणि मोडलेली वस्तू ते लोक नीट करतात. टाकून द्यायची चैन त्यांच्याकडे नाही. धाकलूला म्हणायचं होतं की गाडी बंद पडली आहे, दुरुस्तीच्या मजुरीचा काय तो भाव तुम्ही ठरवा, पैसे मी भट्टीवरून कमवून आणतो. मी ऐकलं ते असं, की गाडी भंगारात काढ, भाव तू करशील तो मान्य, पैसे मी आल्यावर नेतो.

दुसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण साठ वर्षं जव्हारात काढलेल्या माणसाला ते शोभणार नाही. सूर्यमाळचा माणूस मोडली म्हणतो तेव्हा काय म्हणतो हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज दहा माणसं माझ्याकडे ते म्हणत होती. फक्त त्या महिन्यात जड लोखंडाला जो भाव आला होता, त्यामुळे मला एकच अर्थ ऐकू येत होता.

शंका आली नाही असंही नाही. जीपमध्ये सहा ड्रम तसेच बांधलेले होते. टायर नवे होते. मी धाकलूला दोनदा फोन लावला, तो लागला नाही. वीटभट्टीवर फोन चार्ज करायची सोय नसते. मोखाड्याच्या जीपस्टँडवर नुसता निरोप टाकला असता, तर संध्याकाळच्या आत तो त्याच्या घरी पोहोचला असता आणि त्याच्या बायकोने उत्तर पाठवलं असतं. एवढंही मी केलं नाही. भंगारवाला ट्रक घेऊन आला होता. म्हणाला, आज देतोस तर आजचा भाव, पुढच्या आठवड्याचं माझ्या हातात नाही. मी दिली.

आवारातच गॅसकटरने ती कापली. आरटीओला दाखवायला चेसिस नंबरचा तुकडा वेगळा काढून ठेवायचा असतो, तो मी माझ्या हाताने काढला. सीट, टायर, काचा बाजूला. गिअरबॉक्स उघडूनही बघितला नाही. दोन तासांत जीपचे आठ तुकडे ट्रकवर चढले. काट्यावरून भंगारवाल्याचा फोन आला. माझा अंदाज आठ किलोंनी चुकला होता, फक्त आठ किलोंनी, आणि मी खूश झालो होतो. त्या दिवशीचं हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

तीन आठवड्यांनी धाकलू आला. भट्टीच्या धुरळ्याने केस लाल झालेले, खांद्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड. मी खुशीत होतो. त्याचे पैसे, टायरांचेही धरून, पाकिटात घालून तयार ठेवले होते, जुनी ओळख म्हणून माझं कमिशनही कापलं नव्हतं. मी म्हटलं, धाकलू, तुझं सामान नीट ठेवलं आहे, आणि त्याला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन सहा ड्रम, दोर आणि जॅक दाखवला. तो ड्रमांकडे बघत राहिला. मग त्याने खांद्यावरचं गोणपाट खाली ठेवून उघडलं. आत गिअरबॉक्सचे दोन गिअर होते, जुन्या बाजारातले, पण रॉकेलने धुऊन चकचकीत केलेले. भिवंडीत चार दुकानं फिरून त्याने ते शोधले होते.

"ह्या सामान," तो म्हणाला. "जीप कुठं हाय?"

मी त्याच्या हातात पाकीट दिलं. त्याने उघडून नोटा बघितल्या आणि हे कशाचे म्हणून विचारलं. मी सांगितलं. सांगताना मी बराच बोललो. तूच मोडली म्हणालास, तूच भाव माझ्यावर सोडलास, भाव किती चांगला मिळाला, कमिशन कसं सोडलं. चुकलेला माणूस किती बोलतो ते मला त्या दिवशी कळलं. धाकलूने सगळं ऐकून घेतलं. मग आवारात जीप उभी होती त्या जागेकडे गेला. तिथे जमिनीवर तेलाचा डाग आणि कटरने जळलेलं गवत होतं. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "एक डाव इचारायचां होतां, शेठ."

त्याने पैसे घेतले, ड्रम एकमेकांना बांधून एसटीच्या टपावर चढवले आणि गेला. गिअर तिथेच राहिले.

एक जीप कापली तर त्या पैशात दुसरी येईल, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं होतं, किंवा वाटून घेणं सोयीचं होतं. पण हिशेब तसा नसतो. मेलेल्या जीपच्या पैशात मेलेलीच जीप येते. चालती हवी तर वर पैसे घालावे लागतात, आणि त्या वेळी प्रत्येक जीपवाल्याला आपल्या जीपचं वजन तोंडपाठ झालं होतं. जव्हार, विक्रमगड, त्र्यंबकपर्यंत मी चौकशी केली. ज्या भावाच्या लोभाने मी त्याची जीप कापली, त्याच भावाने बाकीच्या सगळ्या जीप त्याच्या आवाक्याबाहेर नेल्या होत्या. त्याची भट्टीवरची कमाई गिअरमध्ये गेली होती. वरचे पैसे मी घालायला हवे होते. तेव्हा घातले नाहीत. कमिशन सोडलं यातच मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

वैशाखात खोडाळ्याला एक जीप विकायची आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. तो व्यवहार जमला नाही. इतक्या जवळ आलोच आहोत तर धाकलूला भेटावं असं मनात आलं आणि मोटरसायकल सूर्यमाळकडे वळवली. पाड्यापर्यंतच्या शेवटच्या चढावर दगडांमुळे गाडी जाईना, चालत गेलो. वाटेत खालून वर येणाऱ्या बायकांची रांग लागली. डोक्यावर दोन-दोन हंडे, वरच्या हंड्यात पाणी डुचमळू नये म्हणून पळसाची पानं टाकलेली. कोणी बोलत नव्हतं. त्या चढाला बोलायला श्वास पुरत नाही.

धाकलूच्या घराच्या कुडाला सहा निळे ड्रम उपडे घालून ठेवलेले होते. तो ओटीवर दोर वळत बसला होता. मला बघून उठला, घोंगडी टाकली. तेवढ्यात त्याची बायको बुधी हंडे घेऊन आली. हंडे उतरवून ठेवले आणि आधी त्यातलाच एक तांब्या भरून माझ्यापुढे धरला. आमच्याकडे कोणाच्याही दारात गेलं तरी आधी पाणी येतं, तसंच. मी नको म्हटलं. ती म्हणाली, प्या, चढ चढून आलाय. मी प्यायलो. गार होतं, जरासं मातकट. तो तांब्या संपवायला मला किती वेळ लागला ते माझं मला माहीत.

"कोन पावनं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"जव्हारचे शेठ," धाकलू म्हणाला. "आपली जीप घेतली ती यांच्याकडून."

तिचा चेहरा उजळला. "मग कवां नीट होनार ती, शेठ? हे बोलतात का सामान नाय मिळत."

मी धाकलूकडे बघितलं. तो खाली मान घालून दोर वळत होता. एक महिना झाला तरी त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, पाड्यावर कोणाला सांगितलं नव्हतं. टायरला वर्गणी दिलेल्या वीस घरांना काय सांगणार? मी मोडली म्हणालो आणि शेठने ती कापली? माझी चूक तो महिनाभर स्वतःच्या अंगावर घेऊन फिरत होता. रोज कोणी ना कोणी विचारत असणार आणि हा रोज सामान मिळत नाही म्हणत असणार.

"होईल," मी म्हटलं. "सामान मिळालं आहे."

त्याच आठवड्यात मी खोडाळ्याच्या माणसाला तो मागेल तेवढे पैसे दिले, स्वतःचे घातले, आणि ती जीप पत्रा ठोकून, ब्रेक नवे घालून पाड्यावर पोहोचवली. पोहोचवली तेव्हा मिरगाचा पाऊस चार दिवसांवर आला होता. म्हणजे तो सगळा उन्हाळा बायकांनी डोक्यावर काढला. जीप वेगळी आहे हे पाड्याला पहिल्या नजरेतच कळलं. मग धाकलूने सगळं सांगितलं. मला कोणी शिवी दिली नाही. एका म्हातारीने नव्या जीपला नारळ फोडला आणि त्यातला तुकडा मलाही दिला.

तेव्हापासून माझं कसब गेलं. बॉनेटवर हात ठेवला तरी आकडा येत नाही, किंवा आला तरी मी तो तोंडातून काढत नाही. भंगारवाल्याला दुसरीकडे जायला सांगितलं. आता आवारात फक्त दुरुस्तीची कामं घेतो, तीही थोडी. मोडीसाठी आलेल्या माणसाला मी तीन-तीनदा विचारतो, इतकं की काही जण वैतागून निघून जातात. लोक म्हणतात यासीनभाई म्हातारे झाले, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणू देत.

गेल्या फाल्गुनात धाकलू जीप घेऊन आला. या वेळी स्वतः चालवत आला होता, हळूहळू, हँडब्रेकवर. पुढच्या चाकाचा ब्रेक लागत नव्हता. खाली उतरला, टॉवेल काढला आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा एक-एक शब्द सुटा करून बोलला, "शेठ, जीप नादुरुस्त आहे. विकायची नाही."

त्याच्या तोंडात हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी विचारलं, नादुरुस्त कुठून शिकलास? पाड्यावरचा हातपंप बंद पडला तेव्हा त्याने मोखाड्याला पंचायत समितीत अर्ज दिला होता, त्यात कारकुनाने हा शब्द लिहिला होता, असं तो म्हणाला. आणि मग अगदी सहज, मला बरं वाटावं म्हणूनच जणू, पुढे सांगितलं, "आता आमच्या पाड्यावरचे सगळेच तुमच्याकडं आले का असांच बोलतात. मोडली नाय बोलत."

चूक माझ्या कानांची होती आणि भाषा त्यांनी बदलली. मी चाकाशी जाऊन वाकलो, कारण त्याच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. ब्रेकचा सिलिंडर गेला होता. नाशिकहून मागवावा लागणार, उद्या दुपारच्या एसटीने येईल. मी त्याला म्हटलं, ठेवून जा, परवा ये, तयार मिळेल.

"नाय शेठ," तो म्हणाला, "मी थांबतू."

मी म्हटलं, अरे, दोन दिवस लागतील. त्याने मान हलवली आणि जीपमध्ये चढून बसला. जेवायची वेळ झाली तेव्हा मी त्याला घरी चल म्हणून आग्रह केला. आमच्यात पंचवीस वर्षांची ओळख, माझ्या घरी तो किती वेळा जेवला असेल. तो सीटवरून हलला नाही. रागावलेला दिसत नव्हता, उलट मला वाईट वाटू नये म्हणून हसला.

"तुमी जेवून या," म्हणाला. "मी हाय जीपजवळ."